बंद असणाऱ्या घराला कोणतं छप्पर: कौल, पत्रा की स्लॅब?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुडाळजवळच्या गावात आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, घर आहे, बाहेरून साधारण ३० बाय ४० फूट, वर मंगलोरी कौलं. कुटुंब डोंबिवलीत राहतं. घर उघडतं ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळलं, माकडांनी कौलं फोडली, काही रिपांना (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांना) वाळवी लागली. थोरले भाऊ म्हणतात एकदाचा स्लॅब टाकू. आर्किटेक्ट म्हणतात कौलांना हात लावू नका. गावचा ठेकेदार म्हणतो पत्रा घाला आणि मोकळे व्हा. कोणाचं ऐकायचं?

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण तिघं तीन वेगळ्या अडचणींबद्दल बोलताहेत. भावाला दरवर्षीची कटकट नको आहे. आर्किटेक्टला घराच्या भिंती आणि आतला गारवा दिसतो आहे. ठेकेदाराला माकडं दिसताहेत. कोणता माल चांगला हा तुमचा खरा प्रश्नच नाही. जुलैत चार दिवस संततधार लागली असताना त्या छपराकडे बघायला गावात कोण आहे, हा खरा प्रश्न. कौलारू छप्पर शंभर वर्षं टिकतं, पण दरवर्षी शाकारणी होते म्हणून टिकतं. वैशाखात कोणीतरी वर चढतं, फुटकं कौल बदलतं, सरकलेलं बसवतं, पाला काढतं. तो माणूस गेला की तेच छप्पर चार-पाच पावसाळ्यांत घर पाडायला लागतं.

आधी स्लॅबचा हिशेब करू, कारण तो निर्णय एकदा घेतला की मागे फिरता येत नाही. ५ इंची म्हणजे १२५ मिमी आरसीसी स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३१० किलोच्या आसपास. तुमच्या १२०० चौरस फुटांवर ते ३५ टन होतं. त्यावर पाणी अडवायला विटांचा कोबा केला तर आणखी २० टन. मंगलोरी कौलं, रिपा आणि वासे (छपराची उतरती लाकडं) मिळून चौरस मीटरला ६५ किलो धरतात. उतारामुळे क्षेत्र वाढतं ते जमेस धरूनही तुमचं आजचं छप्पर साडेआठ टनांच्या घरात आहे. म्हणजे सहापट वजन जुन्या भिंतींवर चढवायचं.

चिरा त्याखाली चुरडेल अशी भीती नाही. कोकणात सिमेंटच्या मसाल्यात बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतींवर हजारो स्लॅब सुखाने उभे आहेत. अडचण जुन्या भिंतीच्या सांध्यांत असते. सांध्यात स्क्रूड्रायव्हर घालून थोडा मसाला खरवडा आणि तळहातावर पाण्यात कालवा. त्याचा चिखल झाला तर भिंत मातीत बांधलेली आहे. अशा भिंतीला सरळ खाली येणारं हलकं वजन चालतं. स्लॅब मात्र उन्हात प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि भिंतीचा माथा रोज थोडा थोडा ढकलतो. मग वरच्या दोन थरांत आडव्या भेगा पडतात, जुन्या लाकडी चौकटींच्या वर तिरक्या भेगा येतात. पाया उथळ असेल आणि एक बाजू मातीच्या भरावावर असेल तर ती बाजू खचते. स्लॅब टाकायचाच तर पायापासून वेगळे कॉलम उभे करावे लागतात, आणि तो खर्च धरला की जुनं घर ठेवण्यात अर्थ उरत नाही. मग सरळ नवं घर बांधा, तो वेगळा विषय आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला मुंबई-गोवा महामार्गावरून येताना दोन्ही बाजूंना दिसेल: स्लॅबची घरं आणि त्या स्लॅबवर पत्र्याची शेड. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. सपाट स्लॅबवर शेवाळ धरतं, पन्हळीच्या तोंडाशी पाला अडकतो, पाणी तुंबतं, काही वर्षांत ओल उतरते आणि मग वर पत्रा येतो. दोन छपरांचे पैसे देऊन शेवटी पत्र्याखालीच राहायचं असेल तर भावाशी याच मुद्द्यावर बोला. तुम्हाला वर मजला हवा असेल, निवृत्तीनंतर कायमचं राहायचं असेल, आमसुलं-फणसपोळ्या वाळवायला गच्ची हवी असेल, तर स्लॅबला कारण आहे. ‘एकदा केलं की बघायला नको’ हे कारण कोकणात चालत नाही.

आता छपराची तपासणी. कोणाचंही कोटेशन घेण्याआधी ती तुम्हीच करा, एक दुपार पुरते. भर उन्हात माळ्यावर चढा आणि दिवे बंद ठेवून वर बघा. जिथून उजेडाचे कवडसे येतात तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. खडूने खाली खूण करा. मग आढ्याच्या, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या तुळईच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधा. मध्ये आढं दोरीच्या खाली इंच-दीड इंच गेलं असेल तर जुन्या लाकडाला ते क्षम्य आहे, त्याहून जास्त असेल तर खाली टेकू कुठे सुटलाय ते शोधा. वाशांची परीक्षा मधोमध करू नका. ते सडतात भिंतीवर टेकतात तिथे, कारण ओल तिथे साचते. त्या टोकांना पोगर (टोकदार छिन्नी) टोचा. पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेला किंवा हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो वासा संशयित. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या तपकिरी रेषा म्हणजे वाळवी. खाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला असेल तर भुंग्याचं काम, त्याला वेगळं औषध लागतं.

बहुतेक घरांत निकाल असा लागतो: रिपा गेलेल्या, वासे टोकाशी खराब, आढं आणि तुळया शाबूत. फणस, ऐन, किंजळ ही जुनी लाकडं तशी लगेच हार मानत नाहीत. म्हणून ‘सगळं लाकूड बाद आहे, लोखंडी करू’ असं कोणी अंगणात उभं राहून म्हणाला तर त्याला आधी वर चढवा.

गळती कुठून येते हेही बघा, कारण कौल फुटणं हे त्याचं एकच कारण आहे. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) आतल्या कोपऱ्यात मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजलेली असते. आढ्यावरच्या कोन्यांचा (माथा झाकणाऱ्या कौलांचा) सिमेंट मसाला तडकलेला असतो. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पडवीकडे. मूळ घर झाल्यावर कोणीतरी पडवी पुढे ओढलेली असते, उंची कमी पडते म्हणून तिचा उतार मोडलेला असतो. मंगलोरी कौलाला ३० अंश उतार उत्तम, म्हणजे ४ फूट आडव्या अंतरात २ फूट ४ इंच चढ. तो १ फूट १० इंचांच्या खाली गेला की वाऱ्याबरोबरचं पाणी कौलाच्या सांध्यातून उलटं वर चढतं. तिथे कितीही नवी कौलं घाला, गळणारच. पडवीचा उतार बदलता येत नसेल तर तेवढ्या भागावर पत्रा घालणं हा प्रामाणिक उपाय आहे.

माकडांचं काय? फटाके, आरसे, वाघाची चित्रं यावर पैसे घालवू नका, बंद घरात हे सगळं आठवड्यात निष्प्रभ होतं. छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या १० फूट मागे छाटा, त्याने उड्या कमी होतात, थांबत नाहीत. कौलाच्या खालच्या कानाला भोक असतं. त्यातून स्टेनलेस स्टीलची तार ओवून कौल रिपेला बांधलं तर ते सरकत नाही. वादळात ते फार कामाला येतं. पण वानर धपकन पडलं की बांधलेलं कौलही फुटतंच. म्हणजे फुटणार हे धरून चालायचं आणि फुटलं तरी घरात पाणी येणार नाही असं छप्पर करायचं.

म्हणून तुमच्यासाठी माझा कौल ‘खाली पत्रा, वर कौल’ या पद्धतीला. एरवी मी नुसत्या कौलांच्या बाजूने बोललो असतो. गावात चुलत्यांचं घर शेजारी असेल आणि कोणी जबाबदारीने शाकारणी करणार असेल तर अजूनही तसंच करा, ते स्वस्त आणि थंड आहे. नुसता पत्रा घालू नका असं म्हणण्याचं कारण उष्णता आणि आवाज एवढंच नाही. पत्र्याचं वजन चौरस मीटरला पाच किलोही नसतं, त्यामुळे वारा तो खालून उचलतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला समांतर गेलं, दोन्ही वेळा छपरं उडाली. वर कौलांचं वजन असलं की खालच्या पत्र्याला वारा थेट भिडत नाही, ऊनही लागत नाही, म्हणून तो जास्त वर्षं टिकतो.

ही पद्धत नीट केली तर उत्तम, पण ती बिघडते नेहमी एकाच जागी. ठेकेदार वाशांवर सपाट पत्रा अंथरतो आणि त्यावर आडव्या रिपा ठोकतो. वरून झिरपलेलं पाणी, माती आणि पाला प्रत्येक रिपेच्या मागे अडतो. दोन-तीन वर्षांत पत्रा नेमका त्या रेषेत गंजतो आणि रीप कुजते. पाण्याला पत्र्यावरून वळचणीपर्यंत मोकळी वाट हवी. त्यासाठी दोन मार्ग आहेत. उभ्या खाचांचा पत्रा घेतला आणि खाचा उताराच्या दिशेने ठेवल्या तर आडवी रीप उंचवट्यांवर टेकते, पाणी खालच्या खोबणीतून निघून जातं. पत्रा सपाट असेल तर आधी वाशांच्या रेषेत उभ्या पट्ट्या मारायच्या आणि त्यावर आडव्या रिपा. स्क्रू दोन्ही प्रकारांत उंचवट्यातूनच (सपाट पत्र्यावर उभ्या पट्टीतून) जायला हवा, खोबणीतून कधीही नाही. वळचणीपाशी पत्रा आणि कौल यांच्यातली फट जाळीने बंद करा, पण पाणी निघू द्या. जाळी विसरलात तर उंदीर, वटवाघळं आणि त्यांच्यामागे जनावर (साप), हा क्रम ठरलेला.

पत्रा घेताना जाडी विचारा, आणि ती रंगासह सांगताहेत की नुसत्या पोलादाची हेही विचारा. ०.५० मिमी म्हणून ०.४० चा माल येतो. अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅमचा घ्या. कुडाळ समुद्रापासून आत आहे म्हणून हे पुरेल, पण वेंगुर्ला-मालवणात किनाऱ्यालगत घर असतं तर मी अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सुचवला असता. शक्य असेल तर आढ्यापासून वळचणीपर्यंत एकाच लांबीचा पत्रा मागवा, तुमच्या घराला भिंतीपर्यंत साधारण साडेसतरा फूट लागेल, वळचण जितकी पुढे तितका आणखी. मधला जोड टळला म्हणजे एक गळती टळली.

कौलांचा हिशेब सोपा आहे. ३० अंश उताराला छपराचं क्षेत्र जमिनीवरच्या क्षेत्राच्या १.१५ पट होतं, म्हणजे वळचण सोडून तुमचं १४ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट). एका ब्रासला १४० ते १५० कौलं. एकूण दोन हजार, वळचणीची वेगळी, आणि त्यावर शे-दीडशे जास्तीची माळ्यावर ठेवायला. जुनी कौलं फेकू नका. काढताना हातोहात खाली द्या, उभी रचा, आडवी नाही. प्रत्येकाला बोटाच्या पेराने टिचकी मारा: खणखणीत वाजलं तर ठेवा, भद्द वाजलं तर बाद. शेवाळ वायर ब्रशने काढा, अ‍ॅसिड लावू नका. एक सावधगिरी मात्र पाळा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत, दोन-तीन मिलिमीटरचाच फरक असतो पण तेवढा पुरतो. खरेदीला जुनी दोन कौलं बरोबर न्या, तरीही शंका राहिली तर जुनी सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्यावर लावा. मिसळ करू नका.

रिपांचं अंतर कारागिराच्या आठवणीवर ठरवू नका, कौलावरून ठरवा. जमिनीवर ११ कौलं एकाखाली एक अडकवून मांडा, एकदा घट्ट दाबून आणि एकदा सैल ओढून पहिल्याच्या वरच्या कडेपासून अकराव्याच्या वरच्या कडेपर्यंत लांबी मोजा, दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. साधारण साडेबारा इंच येतं. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा एका कौलाच्या जाडीने उंच हवी, नाहीतर पहिली ओळ खाली मान घालते आणि सगळ्या रांगांचा उतार बिघडतो. कोने बसवायला सिमेंट, चुना, वाळू १:१:६ असा मऊ मसाला वापरा. नुसत्या सिमेंटचा कडक मसाला लवकर तडकतो. आणि काचेची चार कौलं स्वयंपाकघर व माजघरावर टाका, खाली तेवढ्या जागी पारदर्शक पत्रा ठेवून. आर्किटेक्ट न सांगताही टाकतील, पण ठेकेदार विसरतो.

रिपा आता लाकडाच्या नकोत. २५ बाय २५ मिमीचा गॅल्व्हनाइज्ड चौकोनी पाइप वापरा, वाळवीचा प्रश्न मिटतो. वासे शाबूत असतील तर लाकडाचेच ठेवा. टोक सडलेलं असेल तर सडका भाग कापून दोन्ही बाजूंनी फळ्या लावा, जोडाची लांबी किमान २ फूट, १२ मिमीचे तीन बोल्ट. भिंतीवर टेकतं तिथे खाली कडाप्प्याचा तुकडा द्या आणि भोवती हवा खेळू द्या. तिथे सिमेंटने लिंपून घट्ट करण्याची सवय वासा पुन्हा सडवते. बदलायचाच असेल तर १० फुटांच्या गाळ्याला दोन-दोन फुटांवर ८० बाय ४० मिमी, २ मिमी जाडीचा पाइप हा सुरुवातीचा अंदाज धरा आणि इंजिनिअरकडून तपासून घ्या. वेल्डिंगचे सांधे सर्वांत आधी गंजतात, म्हणून कौल चढण्याआधी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि पाइपांची उघडी तोंडं बंद.

स्लॅबवर जाणारे पैसे वाचले त्यातला एक भाग भिंतीच्या माथ्यावर खर्च करा. सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा ६ इंच जाडीचा आरसीसी पट्टा, १० मिमीच्या चार सळ्या, ६ मिमीच्या रिंगा ६ इंचांवर. त्याआधी वरचे दोन थर काढून चुना-सिमेंटात पुन्हा बसवायचे. वासे या पट्ट्यात गाडलेल्या बोल्टांना पट्टीने जखडायचे. भावाला जी ‘मजबुती’ हवी आहे ती इथे मिळते: छप्पर उडत नाही आणि भिंती एकमेकींना धरून राहतात.

आता आर्किटेक्टच्या एका आवडीबद्दल. उघडा चिरा फोटोत देखणा दिसतो. नैर्ऋत्येकडच्या, पाऊस थेट झोडपतो त्या भिंतीवर तो ठेवू नका. जांभा पाणी पितो आणि बंद घरात ते आतल्या बाजूने बाहेर येतं. पूर्वी पावसाळ्याआधी त्या बाजूला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायचे ते उगाच नाही. तिथे चुन्याचा गिलावा करा, वळचण ३ फूट पुढे काढा. मातीत बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कुठेही नको, ओल आत कोंडते आणि दोन-तीन पावसाळ्यांत फुगून पापुद्रे पडतात. पन्हळीही मी बंद घराला सुचवत नाही. पाल्याने तुंबलेली पन्हळ पाणी उलटं भिंतीच्या माथ्यावर ढकलते. त्याऐवजी पागोळ्या पडतात तिथे ३ फूट रुंद दगडी फरशी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. दाराच्या वर तेवढी छोटी पन्हळ पुरे.

घरातल्या बायकांची संडास-बाथरूम आत हवं ही मागणी असेल, आणि ती असतेच, तर ती रास्त आहे. ते माजघर फोडून करू नका. मागच्या पडवीला लागून, जुन्या जोत्याच्या बाहेर स्वतंत्र पायावर बांधा. स्लॅब इथे टाका, त्यावर पाण्याची टाकी ठेवा. नवी आणि जुनी भिंत यांच्यात इंचभर फट सोडा आणि वरून पत्र्याची पट्टी मारा, म्हणजे दोन्ही आपापल्या गतीने हलतील.

वाळवीचं औषध जमीन आणि भिंत मिळते त्या कडेला फूट-फूट अंतरावर १२ मिमीची भोकं पाडून सोडतात. विहीर घराजवळ असेल तर त्या बाजूला हे औषध सोडू नका आणि कामगाराला विहीर आधी दाखवा.

कागदपत्रांचं एवढंच: घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, ग्रामपंचायतीचा घराचा उतारा काढा. डागडुजी आणि नवं बांधकाम यांना परवानगीचे नियम वेगळे आहेत, स्लॅब टाकणं कशात मोडतं ते आधी ग्रामपंचायतीत विचारा.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पाऊस कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि वळवाचे दोन तडाखे त्याआधीच बसतात, म्हणून एप्रिलअखेर छप्पर बंद झालेलं हवं. शिमग्यानंतर सुरू करू म्हणणारा ठेकेदार तुम्हाला ताडपत्रीखाली गणपती बसवायला लावेल. एका वेळी एकच पाखं उघडायचं. कोटेशन ‘छप्पर दुरुस्ती एकरकमी’ असं घेऊ नका. रिपा फुटांत, वासे नगांत, पत्रा जाडी आणि थरासह, कौलं जुनी-नवी वेगळी, पट्टा घनफुटांत, असं सुटं लिहून घ्या. शेवटचे दहा टक्के पैसे जुलैतला पहिला जोराचा पाऊस होऊन माळा कोरडा दिसल्यावर द्यायचे, हेही त्याच कागदावर असू द्या, आणि तो माळा बघून फोटो पाठवणारा माणूस कोण, त्याचं नाव आत्ताच ठरवा.